दोन ठिकाणचे साडेनऊ

गुलबर्ग्याला सुपर मार्केटच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूच्या अरुंद जिन्यानं वर गेलं की अकरा माणसांचं एक ऑफिस लागतं. मैत्रेयी तिथं प्रोग्रॅमर होती. वय एकोणतीस, मूळ गाव हळ्ळीखेड (बी); हळ्ळीखेड (के) हे दुसरंच गाव. वडील नागनाथ गावचे पोस्टमन, आई पार्वतीबाई अंगणवाडीत. मैत्रेयी घरात मराठी बोलली, शाळेत कन्नड शिकली, बाजारात दखनी ऐकत वाढली आणि इंजिनिअरिंगला गेल्यावर इंग्रजीशी तिनं जमेल तेवढं जमवून घेतलं. नंतर दोन वर्षं हैदराबादला एका मोठ्या कंपनीत काढली. तिथं एका मजल्यावर आठशे जण बसायचे आणि आपण केलेलं काम नेमकं कुणाच्या उपयोगाला पडतं हे त्यातल्या एकालाही ठाऊक नसायचं. गुलबर्ग्याची ही जागा निघाली तशी ती बॅग भरून परत आली.

इथलं काम तिला समजत होतं. हुमनाबाद, चिटगुप्पा, आळंद या भागातल्या खेड्यांत काही आरोग्य केंद्रं होती. तिथल्या पेशंटला दूरच्या शहरातला तज्ज्ञ टॅबवर दिसायचा, बोलायचा, व्यायाम करून घ्यायचा. कोण कधी कुणाला भेटणार हे सगळं मैत्रेयीच्या प्रोग्रॅमवर चालायचं. तज्ज्ञानं आपल्या कॅलेंडरात वेळ लिहिली की ती ओळ ऑफिसात यायची. वार, तारीख, वेळ आणि त्यामागं तीन अक्षरं. ती अक्षरं बघून प्रोग्रॅम ठरवायचा की ही वेळ जगाच्या कुठल्या घड्याळातली आहे. मग तिचं इथल्या घड्याळात रूपांतर करून पेशंटच्या फोनवर मराठीत किंवा कन्नडमध्ये मेसेज धाडायचा.

हा वेळ वाचणारा तुकडा मैत्रेयीनं तीन वर्षांपूर्वी लिहिला होता. तेव्हा सगळे तज्ज्ञ गुलबर्गा, बेळगाव नाहीतर हैदराबादचे. सगळ्यांच्या ओळीत वेळेमागं आयएसटी, म्हणजे आपली भारतीय प्रमाण वेळ. तिनं एक ओळ लिहून टाकली, आयएसटी दिसलं की ग्रिनिचच्या पुढं साडेपाच तास धर. लिहिली आणि जेवायला गेली. त्या ओळीकडं तिनं पुन्हा वळून बघितलं नाही. बघण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

मन्नाएखेळ्ळीचे भगवानराव हे तिथल्या केंद्राचे पेशंट. हायवेला लागून त्यांचं बी-बियाणांचं दुकान, मागं घर आणि घरामागं आठ एकर शेत. बोलण्यात पटाईत माणूस. लॉरीवाल्याशी तेलुगूत, गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, बायकोशी मराठीत, आणि भांडायचं झालं तर दखनीत. गेल्या सप्टेंबरात एका सकाळी दुकानाचं शटर उचलताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा मारला होता. हात-पाय दोन महिन्यांत बरेचसे सुधारले, वाचा मात्र गेली. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, काय बोलायचं तेही मनात तयार असायचं, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. दोनच गोष्टी निघायच्या. एक म्हणजे शिव्या, अगदी स्वच्छ, खणखणीत. दुसरं म्हणजे आकडे. पण तेही ओळीनंच. एक म्हटलं की दोन, तीन करत दहापर्यंत गाडी जायची. मधेच थांबून नुसतं 'चार' म्हणा म्हटलं तर जमायचं नाही.

हैदराबादच्या एका तज्ज्ञ बाईंनी आधी प्रयत्न केला. त्यांना मराठी येत नव्हतं आणि भगवानरावांच्या मेंदूत शिल्लक राहिलेली पहिली भाषा तर आईकडून आलेली मराठीच होती. मग नोव्हेंबरात शिवगंगा भेटली. ती मूळची भालकीची, आजोळ उदगीरचं. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हेच तिचं शिक्षण आणि हीच नोकरी, पण ती करत होती आयर्लंडमध्ये, कॉर्क नावाच्या शहरात. आपल्या भागासाठी दर शनिवारी सकाळचा एक तास द्यायला ती तयार झाली. पहिल्याच दिवशी टॅबवर येऊन ती म्हणाली, "अप्पा, काय करायलाव? जेवलाव का?" भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. हैदराबादच्या बाईंनी त्यांना दोन महिन्यांत एकदाही असं विचारलं नव्हतं.

हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं. शिवगंगाचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे तीन. तिच्या ओळीत वेळेमागं जीएमटी, म्हणजे ग्रिनिचची वेळ, यायचं, प्रोग्रॅम साडेपाच तास मिळवायचा. भगवानराव आणि त्यांची बायको राजूबाई पावणेतीनला केंद्रात येऊन बसायची. केंद्र सांभाळणारी मंगल टॅब लावून द्यायची. मार्चअखेर भगवानराव 'पाणी' आणि 'चहा' म्हणायला लागले होते. एकोणतीस मार्चच्या शनिवारी शिवगंगानं 'तूर' शब्द घेतला. उभा जन्म ज्यात गेला तोच शब्द काही केल्या येईना. तिनं आणखी चार वेळा म्हणायला लावला तेव्हा भगवानरावांनी सरावासाठी दिलेली चित्रांची पत्ती टॅबवर भिरकावली आणि उठून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात मेसेज आला, शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता यावे. राजूबाईंना नवल वाटलं, पण बाईनं वेळ बदलली असेल म्हणून दोघं सव्वानऊलाच गेली. साडेनऊ झाले, दहा झाले, अकरा झाले. टॅबवर कुणी आलं नाही. बारा वाजता उन्हातून घरी परतली. दुपारी अडीचला राजूबाईंच्या फोनवर दुसरा मेसेज वाजला. आज आपण अनुपस्थित होता.

बारा एप्रिलच्या शनिवारीही हेच झालं, शब्दाचा फरक नाही.

त्या दुपारी मंगलनं ऑफिसात फोन केला. धनराजनं घेतला. तो मैत्रेयीचा वरिष्ठ, भला माणूस, पण कुठल्याही तक्रारीला त्याचं पहिलं उत्तर नेटवर्क हेच असायचं. "मंगलअक्का, त्या हायवेला रेंजच नसती," तो म्हणाला.

"रेंज हाय, साहेब. मी त्याच टॅबवर माझ्या भाचीचा साखरपुडा बघितला. हे दोघं अडीच तास बसले हुते आन् तुमचं मशीन म्हणायलंय आलेच न्हाईत. राजूबाई मला विचारायलीय, आमी काय दिसत न्हाई का म्हनून."

मैत्रेयी शेजारच्याच टेबलावर होती. सोमवारी आंबेडकर जयंती, त्यासाठी ती हळ्ळीखेडला निघायच्या तयारीत होती. तिनं बॅग खाली ठेवली आणि नोंदी उघडल्या. टॅब सकाळी नऊ बावीसला सुरू झाला होता. शिवगंगा दुपारी दोनला आली होती, अर्धा तास एकटीच थांबली होती आणि मग अनुपस्थितीचं बटण दाबून गेली होती. दोघांनीही खरं सांगितलं होतं. दोघंही आली होती. फक्त एकमेकांना साडेचार तासांनी चुकली होती. टॅब तर केव्हाच कपाटात गेला होता, कारण त्या दिवसाचं शेवटचं नाव आटोपलं की मंगल घरोघरच्या भेटींना निघायची.

मैत्रेयीनं शिवगंगाला लगेच फोन लावला, तिनं उचलला नाही. मग ती बस पकडून गावी गेली.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला हळ्ळीखेडच्या घरी तिचा फोन वाजला. अंगणात नागनाथ सुतळीला निळ्या पताका चिकटवत होते. मैत्रेयी फोन घेऊन बाहेरच्या बाजेवर बसली.

"तुझा फोन काल बघितला, पण मी बाहेर होते," शिवगंगा म्हणाली. "मन्नाएखेळ्ळीच्या अप्पांचं ना? बरे हायत ना ते?"

"बरे हायत. अक्का, काल तुमी किती वाजता बसला हुता?"

"साडेनऊला. दहापर्यंत वाट बघितली. मागच्या शनिवारीबी तसंच. मला वाटलं, तूर तूर करून मी त्यांना फार छळलं, म्हनून रागावलेत. खरं सांगू का, लई वाईट वाटलं."

"आमच्याकडंबी साडेनऊच हाय, अक्का. ते साडेनऊच्या आधीपासून बसलेले."

"मग दिसले कामून न्हाईत?"

मैत्रेयीला नोंदीतले दुपारचे दोन आठवले.

"अक्का, तुमचे साडेनऊ म्हंजे हितं किती?"

"दोन. आधी तीन व्हायचे. मार्चच्या शेवटच्या रविवारी हितं सगळी घड्याळं तासभर पुढं करत्यात, उन्हाळ्यापुरती. तुला ठाऊक न्हाई?"

"घड्याळाचं ठाऊक हाय. पण तुमच्या ओळीत जीएमटी यायचं ते आता आयएसटी यायलंय."

"येणारच. उन्हाळ्यातली हितली वेळ तीच. आयरिश स्टँडर्ड टाइम."

मैत्रेयीनं डोळे मिटले. ती ओळ तिला जशीच्या तशी दिसली. आयएसटी दिसलं की साडेपाच तास. कॉर्कचे साडेनऊ तिच्या प्रोग्रॅमनं भारताचे साडेनऊ म्हणून वाचले होते, बिनतक्रार, दोन्ही वेळा. नोव्हेंबरात तिनं शिवगंगाची एक ओळ तपासली होती, ती जीएमटीची, बरोबर निघाली होती. उन्हाळ्यात तीच बाई तीच वेळ वेगळ्या अक्षरांनी लिहील, आणि ती अक्षरं आपल्याच अक्षरांसारखी असतील, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आत जाऊन तिनं लॅपटॉपवर शोधलं तर आणखी एक आयएसटी सापडलं, इस्रायलचं. एका नावाच्या तीन वेळा, आणि तिच्या प्रोग्रॅमला त्यातली एकच ठाऊक होती.

"काय झालं ग?" नागनाथांनी विचारलं. पोरीचा चेहरा उतरलेला त्यांना लांबूनही कळायचा.

तिनं सगळं सांगितलं. नागनाथांना प्रोग्रॅम कळत नव्हता, पण ही भानगड त्यांना शेवटापर्यंत सांगावी लागली नाही.

"म्हंजे आपल्या गावासारखंच की," ते म्हणाले. "'बी' लिहायला इसरले की ते पत्र हळ्ळीखेड 'के'लाबी जातंय, हितंबी येतंय."

"मग तुमी काय करता?"

"नाव बघतो. आडनाव बघतो. कुठून निघालंय ते शिक्क्यावर बघतो. तरी कळलं न्हाई तर ठेवून देतो आन् चौकशी करतो. तुझ्या मशीननं काय केलं?"

"त्याला शंकाच आली न्हाई, अप्पा. मीच येऊ दिली न्हाई."

नागनाथांनी हातातली पताका नीट दाबून चिकटवली. मग ते जे बोलले ते मैत्रेयीनं याआधी कधी ऐकलं नव्हतं. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एक पत्र आलं होतं, नाव ओळखीचं, गावापुढं बी नाही, के नाही. घाई होती. त्यांनी अंदाजानं त्या नावाच्या इथल्या माणसाच्या दारात टाकलं. तो पुण्याला गेलेला. पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा कळलं की पत्र त्याचं नव्हतंच. दुसऱ्या हळ्ळीखेडच्या एका पोराला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं होतं. तारीख उलटून गेली होती.

"मग?"

"मग काय. सायकल काढली, त्याच्या घरी गेलो आन् सांगितलं, बाबा, माझ्या हातनं झालं. त्यानं शिव्या दिल्या. बरोबर दिल्या. पुढं त्याला दुसरीकडं नोकरी लागली, पण ते येगळं."

"तुमी पत्रानं का न्हाई कळवलं?"

नागनाथ हसले. "पत्रानंच तर घोळ झाल्ता ना."

सोमवारी जयंतीची मिरवणूक झाली. मैत्रेयी आईबरोबर चालली, तिथं नाचली पण नाही आणि कुणाशी फार बोललीही नाही. मंगळवारी सकाळी गुलबर्ग्याला पोचल्या पोचल्या ती धनराजसमोर जाऊन उभी राहिली.

"नेटवर्क नव्हतं. चूक माझी हाय," असं म्हणून तिनं कागदावर दोन घड्याळं काढून दाखवली.

धनराजनं कपाळावर हात मारून घेतला, मग मोकळं झाल्यासारखा हसला. "एवढंच ना? शिवगंगामॅडमच्या नावापुढं लिहून टाक, त्यांचं आयएसटी आयर्लंडचं. पाच मिनिटाचं काम."

"आन् उद्या दुसरं कुणी आलं?"

"कोण येणार हाय इस्रायलवरून आपल्याकडं?"

"शिवगंगाअक्काबी येणार हायत हे मला ती ओळ लिहिताना कुठं ठाऊक होतं?"

धनराजनं तिला शुक्रवारपर्यंतची मोकळीक दिली.

तिनं त्या तीन अक्षरांवर विसंबणंच सोडलं. प्रत्येक वेळेसोबत ती ग्रिनिचच्या किती पुढं किंवा मागं आहे तो आकडा आलाच पाहिजे असं केलं. आकडा नसेल तर तज्ज्ञ कुठल्या शहरात बसतो ते त्याच्या नावासोबत लिहिलेलं असेल, त्या शहरात त्या तारखेला घड्याळ कुठं आहे ते प्रोग्रॅम बघेल. आणि दोन्ही नसेल, नुसतीच अक्षरं आली, तर प्रोग्रॅम अंदाज करणार नाही. पेशंटला मेसेज न पाठवता थांबेल आणि ऑफिसला विचारेल. जुन्या प्रत्येक वेळेशेजारी मुळातली ओळ जशी आली तशी जपून ठेवण्याचं एक शहाणपण तिनं तीन वर्षांपूर्वी केलं होतं. त्यामुळं सगळ्या नोंदी तपासता आल्या. चुकलेल्या दोनच निघाल्या, दोन्ही भगवानरावांच्या. त्यांच्यापुढचं 'अनुपस्थित' तिनं पुसलं. अनुपस्थितीचं बटण फक्त तज्ज्ञाकडं होतं, पेशंट येऊन बसलाय हे सांगायची सोय कुणाकडंच नव्हती. मंगलच्या टॅबवर तिनं तेही बटण दिलं.

बुधवारी नवा तुकडा चालू केला आणि दुपारपर्यंत प्रोग्रॅम सात वेळा अडला. बेळगावच्या, हैदराबादच्या तज्ज्ञांच्या ओळीत आकडा नव्हता, शहर नव्हतं, नुसतं आयएसटी.

"बघ, आता हे कामच करंना झालं," धनराज म्हणाला.

"काम करायलंय. विचारायलंय," मैत्रेयी म्हणाली आणि एकेकाला फोन लावत बसली. "सर, तुमी कुठल्या शहरात बसता?" बेळगावचे एक वयस्क डॉक्टर तिच्यावर खवळलेच, तीन वर्षं काम करतोय आणि आज विचारता? तिनं ऐकून घेतलं आणि शहर लिहून घेतलं. गुरुवारी प्रोग्रॅम दोनदा अडला. शुक्रवारी एकदाही नाही. त्या संध्याकाळी भगवानरावांच्या घरी बरोबर मेसेज गेला, शनिवारी दुपारी दोन वाजता यावे.

शनिवारी सकाळी मैत्रेयी बसनं निघाली. हुमनाबादला बस बदलून साडेअकराला मन्नाएखेळ्ळीला उतरली. मंगल केंद्राच्या दारातच उभी होती, पन्नाशीची, कमरेला पदर खोचलेली.

"तुमी आलाव ते बरं केलाव. पण ते येत न्हाईत म्हणायलेत. राजूबाईचा आत्ताच फोन आल्ता."

दोघी चालत दुकानाकडं गेल्या. शटर अर्धं वर होतं. आत बियाणांच्या पिशव्यांच्या थप्पीला पाठ लावून भगवानराव खुर्चीत बसले होते. हायवेवरून लॉऱ्या जात होत्या आणि प्रत्येक लॉरीगणिक शटर थरथरत होतं. राजूबाई मागच्या घरातून आल्या. मैत्रेयी कोण ते मंगलनं सांगताच त्यांनी मनातलं सगळं बोलून टाकलं.

"त्या मशीनवाल्या तुमीच का? मग आयका. ह्यांनी त्या दिवशी पत्ती फेकली, चुकलं त्यांचं. पण म्हनून आजारी मानसाला दोन-दोन शनिवार उन्हात बसवायचं? आन् वर लिहून धाडायचं आलाच न्हाई म्हनून? बाई रागावली तर तोंडावर बोलायचं. ह्यांनी जेवण सोडलंय दोन दिस."

भगवानरावांनी मान भिंतीकडं वळवली.

मैत्रेयी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसली. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं आता एकही आठवेना.

"काका, अक्का रागावलेल्या न्हाईत. त्यांनाच वाटलं तुमी रागावलाव. दोन्ही शनिवारी त्या आल्या हुत्या, दुपारी दोनला. अर्धा-अर्धा तास तुमची वाट बघत एकट्या बसल्या. तुमाला सकाळी बोलावलं ते माझ्या प्रोग्रॅमनं. त्यांच्या गावच्या वेळेला आन् आपल्या वेळेला एकच नाव हाय. मी तपासलं न्हाई. चूक माझी हाय, त्यांची न्हाई, तुमची तर न्हाईच."

भगवानराव हळूच वळले. त्यांनी राजूबाईंचा फोन मागून घेतला, तो मेसेज काढला आणि 'अनुपस्थित' या शब्दावर बोट ठेवून तिच्याकडं बघितलं.

"ते मी खोडलंय. तुमी दोन्ही दिवशी हजर हुता, तसं लिहिलंय."

त्यांनी फोन राजूबाईंना परत दिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं हात केला आणि भुवया उंचावल्या.

"त्यांच्याकडं सकाळचे साडेनऊ वाजत्यात तवा आपल्याकडं दुपारचे—"

ती पुढं बोलणार तोच त्यांनी तळहात वर करून तिला थांबवलं. उजव्या हाताचं बोट डाव्या हाताच्या बोटांवर टेकवत ते मोजायला लागले.

"एक. दोन."

आणि थांबले.

तीन आला नाही. भगवानराव बोट तसंच धरून मैत्रेयीकडं बघत होते, बरोबर का म्हणून विचारत होते. मैत्रेयीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "व्हय, दोन," ती म्हणाली. पण राजूबाईंनी मंगलचा दंड घट्ट धरला होता. "दोनवर थांबले," त्या पुटपुटल्या. "मंगल, दोनवर थांबले बघ." नोव्हेंबरापासून तो माणूस एकदाही दहाच्या आधी थांबला नव्हता.

भगवानरावांनाही ते तेव्हाच उमगलं. त्यांनी आपल्याच बोटांकडं नवलानं बघितलं, पुन्हा मोजलं, पुन्हा थांबले. मग मैत्रेयीकडं बोट करून एक दणदणीत शिवी हासडली. शटरबाहेर उभा असलेला लॉरीवाला वाकून आत बघायला लागला. राजूबाईंनी कपाळाला हात लावला.

"मनावर घेऊ नका बाई, तेवढीच येती त्यांना."

"घेत न्हाई. बरोबर दिली," मैत्रेयी म्हणाली आणि तिला हसू फुटलं.

राजूबाईंनी तिला ताटावर बसवलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याची आमटी. कुणाची, कुठली, ही चौकशी वाढता वाढता झाली. हळ्ळीखेडच्या नागनाथ पोस्टमनची, असं तिनं सांगितलं तेव्हा राजूबाई म्हणाल्या की त्यांची मावशी तिथलीच, पोस्टमन त्यांनी बघितलेले आहेत. भगवानराव शेजारी बसून जेवले. आमटी दोनदा घेतली.

दोन वाजता टॅबवर शिवगंगा आली. कुणी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "अप्पा, मला वाटलं तुमी मला सोडलाव." भगवानरावांनी जोरजोरात मान हलवली. मग त्यांनी एक-दोन करून दाखवलं आणि शिवगंगानं खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी तिनं 'तूर' घेतला नाही. तीनवर थांबायचं, पाचवर थांबायचं, एवढंच तासभर चाललं. पाचवर एकदाही जमलं नाही.

नंतरच्या महिन्यांत भगवानराव सुधारले, पण लोकांना वाटावं तसे नाही. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडं चाळीसेक शब्द जमले. कधी सगळे हाताशी असायचे, कधी सकाळपासून एकही सापडायचा नाही. 'राजू' हे नाव यायचं, त्यातला 'बाई' यायचा नाही, आणि लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर नवरा चारचौघांत नुसत्या नावानं हाक मारतो म्हणून राजूबाई लाजायच्या. दुपारी दोन तास ते पुन्हा दुकानात बसायला लागले. गिऱ्हाईक बोलायचं, ते बोटानं दाखवायचे.

मैत्रेयीनं ऑफिसात एक मागून घेतलं. महिन्यातून एक शनिवार ती कुठल्या तरी केंद्रावर जाऊन बसेल आणि पेशंटच्या शेजारून आपला प्रोग्रॅम बघेल. धनराज आधी कुरकुरला, मग दोन वेळा स्वतःच तिच्यासोबत आळंदला गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आयर्लंडची घड्याळं पुन्हा मागं आली. त्या आठवड्यात मैत्रेयीनं शिवगंगाची ओळ तीनदा उघडून बघितली. वेळेमागची अक्षरं बदलून जीएमटी झाली होती, पण प्रोग्रॅम आता शहर बघत होता. भगवानरावांना मेसेज गेला, या शनिवारपासून दुपारी तीन वाजता.

तो शनिवार एक नोव्हेंबरचा, कर्नाटक राज्योत्सवाचा. केंद्रावर सकाळी लाल-पिवळा झेंडा लावून झाला होता, सुट्टी असूनही मंगल थांबली होती आणि मैत्रेयीनं मुद्दाम हाच दिवस निवडला होता. पावणेतीनला दोघं आली, तीनला शिवगंगा आली. भगवानरावांनी नव्या वेळेवर नाराजी दाखवली, झोपेची खूण केली आणि "च्या" म्हणाले. चहा आला. मैत्रेयी मागच्या बाकावर बसून ऐकत राहिली.

निघताना राजूबाईंनी तिच्या हातात सीताफळांची पिशवी दिली. चार वाजून गेले होते. हुमनाबादच्या बसला खिडकीची जागा मिळाली. दोन्हीकडं तुरीला पिवळा फुलोरा आला होता. तिनं पिशवीतलं सगळ्यात पिकलेलं सीताफळ निवडलं, मांडीवर रुमाल पसरला आणि सावकाश एकेक पाकळी खात, बिया मुठीत धरत बसली. हुमनाबाद येईपर्यंत मूठ भरली होती.